मुलांना समुद्रावर न्यायचंय? आधी पंचांग उघडा

गोव्यात साखळीजवळच्या एका मराठी शाळेत मी शिकवते. आमच्या मुलांच्या घरी आठवड्यातले चार दिवस माशाचं हुमण शिजतं, पण समुद्र त्यांना माहीत असतो तो कळंगुटच्या आइस्क्रीमपुरता. ती ओळख वाढवावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी पहिली सहल काढली. बावन्न मुलं, एक बस, शिरा-पाव आणि माझं अर्ध्या तासाचं भाषण तयार. दिवस पौर्णिमेचा. हणजूणच्या खडकांपाशी पोचलो सव्वाअकराला. खडक नव्हतेच! नुसतं पाणी. जाळं विणत बसलेला एक म्हातारा हसून म्हणाला, "बाय, भरतेर कितें पळयतले तुमी?" (बाई, भरतीला काय बघणार तुम्ही?)

त्या दिवशी मुलांनी भाषण ऐकलं, वाळूत कबड्डी खेळली आणि घरी आली. समुद्रातला एकही जीव पाहिला नाही. पुढची दोन वर्षं चुका करत जे शिकले ते इथे लिहिते आहे. शाळेतल्या शिक्षकांसाठी, आणि वाडीवरची दहा-बारा मुलं घेऊन जाऊ पाहणाऱ्या कुणाही ताई-दादासाठी.

१. एकच जागा निवडा

सहल म्हटली की एका दिवसात चार किनारे आणि वर मंगेशीचं देऊळ, असा आपला बेत असतो. तो सोडा. एकच जागा घ्या आणि वर्षातून तीन-चार वेळा तिथेच जा. मुलांना फरक कळायला लागतो तो दुसऱ्या फेरीत: "बाई, गेल्या वेळी इथे कालवं होती, आता कुणीतरी फोडून नेलीत."

नवख्यांनी खडकाळ किनारा घ्यावा. वाळूतले जीव लपतात, खडकावरचे चिकटून बसलेले असतात, त्यामुळे मुलांना लगेच काहीतरी सापडतं. हणजूण, वागातोर, दोनापावला इथे जांभ्याचे सपाट खडक ओहोटीला उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. ती डबकी म्हणजेच तुमचा वर्ग. काणकोणवाल्यांनी एवढ्या लांब यायची गरज नाही, त्यांच्या दारातच खडक आहेत.

२. दिवस आणि वेळ (सगळं इथेच बिघडतं)

कोकणपट्टीतला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. मी बस घेऊन नेमकी त्या मुहूर्तावर पोचले होते! भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज हे वेळापत्रक सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं.

आता गंमत बघा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त ओसरतं हे खरं, पण ते पहाटे पाच आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. पहाटे अंधार, संध्याकाळी परत यायला उशीर. म्हणून दोन-तीन दिवस थांबा. द्वितीया-तृतीयेला भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात ते सव्वाआठ. उधाणाचा जोर अजून टिकून असतो, ऊन तापलेलं नसतं. शाळेसाठी याहून सोयीचा दिवस नाही. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

पंचांगावरून दिवस हेरायचा, पण वेळ पक्की करायची ती मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. हिशेब आणि तक्ता यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. तक्त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते आणि नवखे लोक नेमकी तीच बघत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावर एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल उतरते, दुसरी अर्ध्यावर थांबते. सकाळच्या ओहोटीपुढे अर्ध्या मीटरपेक्षा कमी आकडा असेल तरच जा. एक मीटर दिसला तर दिवस बदला, मग मुख्याध्यापक काहीही म्हणोत.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खडकावर मुलं अजिबात नेऊ नयेत. पावसानंतर लगेच ऑक्टोबरात जेलीफिश आणि तिचीच लांबची नातेवाईक, निळ्या फुग्यासारखी पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, किनाऱ्याला लागतात. वाळूवर मेल्यासारखी पडलेली असली तरी तिचे धागे डंख मारतात.

३. परवानग्या आणि कागद

महिनाभर आधी सुरुवात करा. माझी फाइल अशी असते:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत
- पालक-शिक्षक संघाचा ठराव
- प्रत्येक पालकाचं संमतिपत्र. त्यात "मूल खडकाळ किनाऱ्यावर चालणार आहे, पोहायला उतरणार नाही" हे वाक्य हवंच
- मुलांची यादी: रक्तगट, ॲलर्जी, दोन फोन नंबर. दमा असलेल्यांची आणि फिट येणाऱ्यांची नावं वेगळ्या रंगात
- बसचा परवाना, विमा, फिटनेस आणि चालकाचं लायसन्स, सगळ्यांच्या झेरॉक्स
- त्या गावच्या पंचायतीला साधं कळवणारं पत्र

बसच्या कागदांना हसू नका. एका वर्षी ठरवलेली बस आयत्या वेळी बदलून आली, नव्या बसचा विमा संपलेला. वाटेत अडवलं, पाऊण तास गेला. पाऊण तास म्हणजे ओहोटी गेली.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याकडे वेगळं पत्र लागतं. दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची. तिथे मुलं न्यायची असतील तर आधी पत्र देऊन तारीख विचारून घ्या. मात्र पहिल्या फेरीत नको. आधी डबकं बघू दे, मग प्रयोगशाळा. डबकं बघून गेलेलं मूल शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतं, तसंच नेलेलं मूल एसीत झोपतं.

४. सामान

खर्च फारसा नाही. चार मुलांमागे एक चौकट, ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची, पीव्हीसी पाइपची किंवा सरळ दोन मीटर सुतळीची. फरसाणाच्या मोठ्या पारदर्शक बरण्या: पाण्यावर टेकवून आत पाहिलं की लाटांची चमक नाहीशी होते आणि तळ स्वच्छ दिसतो. साधा थर्मामीटर, भिंग, पेन्सिली (पेनची शाई पाण्याने पसरते), पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले कागद. प्रथमोपचाराची पेटी. मुठीएवढी खोबरेल तेलाची बाटलीही घ्या, कारण गोव्याच्या किनाऱ्यांवर कधीकधी डांबराचे गोळे येतात आणि पायाला चिकटले की साबणाने निघत नाहीत.

पायांत मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. साधी चप्पल चालणार नाही. कालवांची कड ब्लेडसारखी कापते.

५. आधी एकटे जाऊन या

पंधरवडाभर आधी, त्याच तिथीला, त्याच वेळी. पाणी कुठवर उतरतं, शेवाळावर पाय कुठे घसरतो, शौचालय कुठे आहे (मुलींच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचं), बस कुठे वळते, हे बघा. जीवरक्षकांना भेटा, तारीख सांगा. आणि गावातल्या एखाद्या मासेमाराशी बोला. तो म्हातारा मला भेटला नसता तर मी अजून पौर्णिमेलाच जात असते.

६. खडकावरचे दोन तास

ओहोटीच्या सव्वा तास आधी पोचा. पाणी उतरताना त्याच्या मागे मागे चालायचं. पाणी वळलं की आपणही वळायचं, मुलांनी कितीही गळ घातली तरी. मनोऱ्यावर जीवरक्षक आल्याखेरीज पाण्याच्या कडेला कुणीही जायचं नाही. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एका फेरीत तीसच्या वर मुलं नकोत. बावन्न मुलं असतील तर दोन फेऱ्या करा.

पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने एका डबक्याशी उकिडवं बसायचं आणि नुसतं बघायचं. पहिल्या मिनिटाला मुलं म्हणतात, इथे काहीच नाही. तिसऱ्या मिनिटाला एक शंख चालायला लागतो. त्यात शंखाचा मालक नसतो, भाडेकरू खेकडा असतो. मग डबक्याच्या तळाचा "दगड" डोळे फिरवतो, तो मासा निघतो. यानंतर मुलांना हाका मारून उठवावं लागतं.

मग चौकटी टाका. एक वरच्या कोरड्या खडकावर, एक मध्ये, एक पाण्यालगत. आत काय काय आहे आणि किती आहे ते मोजून लिहायचं. नावं येत नसली तरी चालेल. "टोकदार टोपी", "काळा गोगल", "चिकट फूल" अशी नावं मुलं स्वतः ठेवतात आणि ती कायमची लक्षात राहतात. खरी नावं शाळेत आल्यावर शोधायची. तिन्ही चौकटींचे आकडे शेजारी ठेवले की मुलांना आपोआप दिसतं: वर थोडेच जीव, ऊन सोसणारे. खाली गर्दी. कोण किती वेळ पाण्याविना राहू शकतो, त्यावर त्याचा मजला ठरतो.

खडकावरचे पांढरे, ज्वालामुखीच्या आकाराचे खडे दाखवायला विसरू नका. ते बार्नाकल. ती शिंपली नाही, सुंगटांच्या (कोळंबीच्या) नात्यातला जीव आहे. लहानपणी पोहतो, मग जागा पसंत पडली की डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेला जन्म पायांनी अन्न ओढत काढतो. बरणीतल्या पाण्यात बार्नाकल असलेला दगड ठेवा, दोन-तीन मिनिटांत त्याचे पिसासारखे पाय बाहेर येतात. आमच्या सहावीतल्या एका मुलीने घरी जाऊन आजीला सुंगटं सोलताना थांबवलं आणि हे सगळं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि सुंगटं सोलली. ठीकच आहे.

नियम मी चारच ठेवते. उलटा केलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंख-शिंपले घरी न्यायचे नाहीत, रिकामे दिसले तरी. भाडेकरू खेकड्याला तेच घर लागणार असतं. सुळक्याच्या, नक्षीदार शंखाला हात लावायचा नाही, त्यांतला कोन शंख विषारी सुई मारतो. आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

डंख झाला तर चोळू नका, वाळू घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि थेट जीवरक्षकाकडे न्या. श्वासाला त्रास दिसला तर सरळ इस्पितळ.

७. पहिल्या फेरीत टाळायच्या तीन गोष्टी

*साफसफाई.* माझं हे मत अनेकांना पटत नाही. पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात मोजे आणि पोती दिली की समुद्र म्हणजे उकिरडा, एवढीच त्यांची ओळख होते. फोटो छान येतो, मुलं दमतात, पुढच्या वेळी नको म्हणतात. आधी ओळख होऊ द्या. आमच्या मुलांनी तिसऱ्या फेरीत स्वतःहून पिशवी मागितली.

*भाषण.* ध्रुवावरचा बर्फ आणि जगबुडी ऐकून पाचवीचं मूल घाबरतं, नाहीतर कंटाळतं.

*मासेमारांना शिकवणं.* एका स्वयंसेवकाने आमच्या मुलांसमोर रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना "मासे संपवणारे" म्हटलं. मला शरमल्यासारखं झालं. ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब ठेवा म्हणून सत्तरच्या दशकात गोव्यात लढले ते रांपणकारच. त्या लढ्यानंतर १९८० चा कायदा आला आणि ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलरना बंदी झाली. मुलांना त्यांच्याशी बोलू द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद का असते, हे होडीवाल्याच्या तोंडून ऐकलेलं मूल विसरत नाही.

कासवांचा मोहही आवरा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखण करतं. पण मादी रात्री येते, केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि बॅटरीच्या उजेडाने ती बिथरून परत फिरते. तीस मुलं तिथे नेणं म्हणजे तिलाच त्रास. दिवसा जाऊन कुंपण दाखवा आणि एक गोष्ट सांगा: वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त निघतात, गार राहिली तर नर. तापत्या हवेचा अख्खा धडा त्या एका वाक्यात मावतो. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळाली तर नशीब, पण ते वनखात्याने बोलावलं तरच.

८. जोडीला एक वेगळी फेरी: चोडणची खारफुटी

ही फेरी मला सर्वांत आवडते, कारण इथे समुद्र आमच्या गावाशी जोडला जातो. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की सालिम अली पक्षी अभयारण्य, १९८८ सालचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. मुलांना आधी पक्ष्यांकडे नेऊ नका, चिखलाकडे न्या. निवटी चिखलावर उड्या मारत असते, मासा असून. एका बाजूची नांगी अंगाएवढी मोठी असलेले खेकडे ती हलवून एकमेकांना दम देतात. तिवराची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात.

तिवराच्या पानावर मीठ साठतं. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. पान न तोडता बोट फिरवून जिभेला लावा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण तिवर नक्की ओळखणारं माणूस बरोबर असेल तरच. खारफुटीतच गेवाही असतो, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर आग होते, दिसेनासं होतं. म्हणून या फेरीत पान-फांदी तोडायची सक्त मनाई.

मुळांत अडकलेलं प्लास्टिक इथे दिसतंच. मी काही बोलत नाही. एका वर्षी सातवीतल्या मुलाला तिथे एका बेकरीची पिशवी सापडली, आमच्याच बाजारातल्या. तो बराच वेळ ती उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "बाई, ही चालत आली?" बसमध्ये नकाशा काढला. बाजारामागचा व्हाळ (ओढा), व्हाळातून वाळवंटी नदी, वाळवंटीतून मांडवी, मांडवीतून समुद्र. त्यानंतर बाजारामागच्या व्हाळावर जाळी बसवा म्हणून पालिकेला पत्र मुलांनी लिहिलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. जाळी अजून बसलेली नाही. मुलं दर दोन महिन्यांनी आठवण देतात, आवक क्रमांकासकट.

९. बस परवडत नसेल तर

गावचा मासळी बाजार आहे. आठवडाभर रोज आईबरोबर जाऊन एकाच गाड्यावर कोणती मासळी आली, बांगडा किती बोटं लांब, भाव काय, एवढं लिहायचं. आगरवाड्याचं मिठागर जवळ असेल तर जानेवारीनंतर तिथे जा. शाळेतही करता येतं: लिटरभर समुद्राचं पाणी आटवलं की सुमारे ३५ ग्रॅम मीठ उरतं. चोडणचं पाणी आणि हणजूणचं पाणी शेजारी आटवा. फरक का पडला, ते मुलांनाच सांगू द्या.

व्हीआर चष्म्यांचंही शिबिर आम्ही एकदा घेतलं. प्रवाळ, देवमासा, सगळं डोळ्यांपुढे. मुलं खूश. पण चष्मा काढल्यावर एकही प्रश्न आला नाही. ग्रांद बेटाभोवती आपल्याकडेच प्रवाळ आहे, तिथवर मुलांना नेता येत नाही, म्हणून चष्म्याला माझी हरकत नाही. फक्त तो डबकं बघून झाल्यावर लावा.

१०. परत आल्यावर

त्याच आठवड्यात चौकटींचे आकडे भिंतीवर लावा, तारीख आणि तिथीसकट. पुढच्या फेरीचे आकडे त्याच्याच शेजारी. फोटो असतील तर आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, ओळखायला जाणकार मदत करतात, मात्र मुलांचे चेहरे त्यात नकोत. ज्या गावच्या किनाऱ्यावर जाता तिथल्या पंचायतीची जैवविविधता समिती असते, वर्षाअखेर नोंदींची एक प्रत तिला द्या.

शेवटची फेरी फेब्रुवारीत, रविवारी, पालकांसकट. तीत मी बोलत नाही, मुलं बोलतात. गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या बाबांना डबक्याशी उकिडवं बसवलं आणि "दहा मिनिटं बोलायचं नाही" म्हणून बजावलं. बाबा फोन काढायला गेले, तिने तो काढून घेऊन माझ्याकडे आणून दिला. त्या फेरीची तारीख मात्र डिसेंबरातच ठरवा. द्वितीया-तृतीया आणि रविवार एकत्र येणं महिन्याला एकदाही जमेलच असं नाही.